दुधाचा भाव आणि वैरणीचे शास्त्र

दूधदराचा वाद महाराष्ट्राला नवा नाही. भाव कोसळले की उत्पादक रस्त्यावर येतात, दूध ओतले जाते आणि शासन काही काळापुरते अनुदान जाहीर करते. २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये लिटरमागे ५ रुपयांची मदत अशीच जाहीर झाली. अडचणीत सापडलेल्या उत्पादकाला अशा मदतीची गरज असते, हे कोणी नाकारणार नाही. तथापि या साऱ्या गदारोळात एक प्रश्न क्वचितच विचारला जातो : एक लिटर दूध निर्माण होण्यास मुळात खर्च किती येतो व तो कशावर होतो? दुग्धव्यवसायाच्या खर्चात साठ ते सत्तर टक्के वाटा वैरण आणि खुराक यांचाच असतो. याचा अर्थ असा की, डेअरीच्या काट्यावर हिशेब होण्यापूर्वीच तो बराचसा गोठ्यातील गव्हाणीत ठरून गेलेला असतो.

गाईला गवत पचते, असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः ते पचविण्याचे काम तिच्या कोटीपोटातील असंख्य सूक्ष्मजीव करतात. चाऱ्यातील सेल्युलोजचे ते विघटन करतात आणि त्यातून निर्माण होणाऱ्या आम्लांवर गाईचे पोषण होते. या सूक्ष्मजीवांना पुरेसे नत्र मिळाले की त्यांची वाढ होते आणि पुढे तेच गाईला प्रथिने पुरवितात. चारा टिकविण्याच्या पद्धतीसाठी १९४५ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन यांनी १९६० च्या दशकात याचा विलक्षण पुरावा दिला. आहारात प्रथिने जवळजवळ नसताना, केवळ युरिया व अमोनियम क्षारांतील नत्रावरही गाई दूध देऊ शकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

कडबा, भाताचा पेंढा, उसाचे चिपाड यांत सेल्युलोजचा तुटवडा नाही. अडचण आहे ती लिग्निनची. या कठीण द्रव्याच्या कवचात सेल्युलोज असे जखडलेले असते की, सूक्ष्मजीवांना तेथवर पोचताच येत नाही. हे कवच सैल करण्याचे महत्त्वाचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे स्थापन केलेली बायफ ही संस्था संकरित गाईंसाठी सर्वज्ञात आहे. परंतु संकरित गाय आली तरी तिच्यापुढे टाकावयाचे काय, हा प्रश्न उरतोच. बायफमधील डॉ. डी. व्ही. रांगणेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी निकृष्ट चाऱ्यावर उच्च दाबाच्या वाफेची प्रक्रिया केल्यास त्याची पचनीयता किती वाढते, याचा अभ्यास करून तो १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. साखर कारखान्यांच्या या राज्यात वाफही होती आणि चिपाडही होते. कल्पना सर्वथैव येथल्या मातीतली होती.

दुसरा मार्ग युरिया प्रक्रियेचा. शंभर किलो पेंढ्यावर सुमारे चार किलो युरियाचे पाण्यातील द्रावण शिंपडून तो सुमारे तीन आठवडे हवाबंद ठेवला की तो मऊ पडतो, जनावर तो अधिक खाते आणि त्यातील प्रथिनमूल्य जवळजवळ दुप्पट होते. १९८० च्या दशकात भारत व नेदरलँड्स यांच्या सहकार्याने पिकांच्या अवशेषांवर जे मोठे संशोधन झाले, त्यात या पद्धतीचा कसून अभ्यास झाला. प्रयोगशाळेत ती खरी उतरली. गावोगावच्या गोठ्यांत मात्र ती रुजली नाही.

याचे खापर शेतकऱ्याच्या अज्ञानावर फोडणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. शंभर किलो पेंढ्यास पन्नास लिटर किंवा त्याहून अधिक पाणी लागते आणि पेंढ्यावर भिस्त ठेवण्याचे दिवस म्हणजे नेमके पाणीटंचाईचे दिवस. ते पाणी डोक्यावरून आणणार कोण? गोठ्याचे बहुतेक काम घरातील स्त्रीच करते. तिच्या श्रमाचा मोबदला कोणत्याही तक्त्यात मांडला जात नाही. शिवाय दोन-तीन लिटर दूध देणाऱ्या गाईकडून या खटाटोपाची भरपाई होत नाही आणि भरपूर दुधाच्या गाईला एवढ्याने भागत नाही. वाफेच्या प्रक्रियेपुढेही हाच प्रश्न उभा आहे. सहवीजनिर्मितीमुळे चिपाडाला आता इंधन म्हणून भाव मिळतो. ज्याला भट्टीत भाव आहे ते गव्हाणीत कशाला येईल? अर्थशास्त्रात याला पर्यायी खर्च म्हणतात. शेतकऱ्याला ही संज्ञा ठाऊक नसेल. तिचे गणित मात्र तो रोज करतो.

तेव्हा दोष संशोधनाचा नाही आणि शेतकऱ्याचाही नाही. दोष आहे तो दोहोंच्या मध्ये मोकळ्या राहिलेल्या जागेचा. पचनीयता किती टक्क्यांनी वाढली, एवढ्यावर शास्त्रज्ञाचे काम संपत असेल, तर लिटरमागे खर्च किती पैशांनी उतरला, हे सांगणारा दुसरा कोणी हवा. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने राष्ट्रीय डेअरी योजनेखाली २०१२ पासून संतुलित पशुआहाराचा जो कार्यक्रम राबविला, त्याची दिशा नेमकी हीच होती. गावातलाच प्रशिक्षित माणूस गोठ्यात जातो आणि उपलब्ध चाऱ्यातून कमीत कमी खर्चाचा योग्य आहार आखून देतो. येथे नवे यंत्र नाही, नवी गाय नाही. आहे ते ज्ञान शेवटच्या गोठ्यापर्यंत पोचविण्याची व्यवस्था आहे.

ज्वारीचे क्षेत्र घटत चालल्याने कडबा दुर्मिळ झाला असताना ही व्यवस्था अधिकच निकडीची ठरते. हा केवळ उत्पादकाचा प्रश्न नव्हे. मीरा-भाईंदरमधील हाटकेशसारख्या वस्तीत महिन्याच्या पगारातून दुधाच्या पिशवीचे पैसे बाजूला काढणाऱ्या कारकुनाचा आणि शिक्षकाचाही तो प्रश्न आहे. दर वाढवून उत्पादक तगवावा तर ग्राहक भरडला जातो. दर रोखून ग्राहक सांभाळावा तर उत्पादक बुडतो. या दोघांचे हित एकाच वेळी साधणारी वाट एकच आहे, ती म्हणजे उत्पादनखर्च उतरविण्याची. अनुदानाचा पैसा एका हंगामात संपतो. त्यातील काही हिस्सा तरी चारा-बियाणे, मुरघास, आहार-सल्लागार आणि शेतकऱ्याच्या हिशेबाशी बांधलेले संशोधन यांवर दरवर्षी नेमाने खर्च झाला पाहिजे. भाव वाढवून मागणे हा उत्पादकाचा हक्क आहेच. परंतु खर्च कमी करून मिळणे हाही त्याचा तितकाच हक्क आहे आणि त्यासाठी त्याला रस्त्यावर येण्याची वेळ येऊ नये.