हातपंप बघून भुलू नका

इंग्लंडात राहणारी आपली मराठी मंडळी सुट्टीच्या दिवशी ट्रेन पकडून एखादं शहर बघायला जातात आणि तिथे "अस्सल इंग्लिश पब" शोधतात. शोधायची पद्धत ठरलेली. फोनवर तारे बघायचे. बाहेर फुलांच्या टोपल्या, आत काळं लाकूड आणि काउंटरवर हातपंप दिसले की शिरायचं. मग पहिल्या घोटाला तोंड वाकडं करायचं, "कोमट, फिकी बिअर, यांना काही कळत नाही" म्हणायचं आणि थंडगार लागर मागवायची.

माझं म्हणणं सरळ आहे. पब दिसतो कसा ते बघू नका. त्या पबात कुठली बिअर ठेवायची हे ठरवतं कोण, ते बघा. दिवसभराच्या सहलीत तुम्ही चार पब कराल, पण तुमचे पैसे कोणाच्या खिशात जातात यावर त्यातले किती पब टिकणार हे ठरतं.

आधी ही बिअर काय भानगड आहे ते समजून घेऊ. रिअल एल म्हणजे पिंपात जिवंत यीस्ट असलेली बिअर. ब्रुअरीतून निघाल्यावरही ती पबच्या तळघरात मुरत असते. वरून गॅस मारलेला नसतो, म्हणून ती हाताने ओढावी लागते. ती कोमट नसते, तळघराइतकी गार असते, साधारण ११ ते १३ अंश. बर्फासारखी थंड केली तर तिची चवच मरते. ताजं घुसळलेलं ताक आणि पाकिटातलं ताक यातला फरक ज्याला कळतो, त्याला हे वेगळं समजवायला नको.

आता हिशोब करा. नेहमीच्या लहान पिंपात ९ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट. पिंप उघडलं की हवा आत जाते, आणि तीन दिवसांत ते संपलं नाही तर बिअर उतरते. म्हणजे एका पंपामागे रोजचे २४ पाइंट खपायलाच हवेत. काउंटरवर दहा पंप आणि पबात सहा माणसं असतील तर समजून जा, आंबलेली बिअर मिळणार. दोनच पंप आणि गर्दी असेल तर बिनधास्त बसा. एवढी साधी गोष्ट फोनवरचा तारा कधी सांगत नाही. तारे देणाऱ्यानं बहुतेक वेळा चिप्स खाल्लेल्या असतात.

पण खरा मुद्दा तळघराचा नाही, मालकीचा आहे. इंग्लंडमधले बरेच पब चालवणारा एक असतो आणि इमारत दुसऱ्याची, म्हणजे पबकंपनीची. भाडेकरूनं बिअर कंपनीकडूनच घ्यायची, कंपनीच्या यादीतलीच आणि कंपनी सांगेल त्या भावानं. बाहेर तेच पिंप स्वस्त मिळत असलं तरी घ्यायचं नाही. शेजारच्या गल्लीत कोणी उत्तम बिअर बनवत असेल तरी ती यादीत नसेल तर बंद. कंपनीवाले म्हणतात, त्या बदल्यात भाडं कमी लावतो आणि मदतही करतो. काही ठिकाणी हे खरंही असेल. पण निवड कोणाची, या प्रश्नाचं उत्तर त्यानं बदलत नाही.

गंमत म्हणजे हे सगळं एका सुधारणेतून वाढलं. १९८९ मध्ये सरकारनं मोठ्या ब्रुअऱ्यांच्या पबमालकीवर मर्यादा आणली, हेतू हा की मक्तेदारी मोडावी. ब्रुअऱ्यांनी पब विकले, आणि ते घ्यायला पबकंपन्या पुढे आल्या. मक्तेदारी गेली नाही, तिनं फक्त कपडे बदलले. २०१६ मध्ये इंग्लंड आणि वेल्ससाठी पब्ज कोड आला. बांधलेल्या भाडेकरूला बाजारभावानं भाडं भरून बिअरच्या अटीतून सुटता येईल अशी सोय झाली. पण तीही ५०० किंवा जास्त बांधलेले पब असलेल्या कंपन्यांपुरती, आणि भाड्याचा फेरविचार वगैरे ठरावीक वेळीच. बाकीच्यांनी काय करायचं?

आणि आता तर हातपंपावरही विश्वास ठेवायची सोय राहिली नाही. २०२४ मध्ये कार्ल्सबर्ग मार्स्टन्सनं "फ्रेश एल" नावाचा प्रकार आणला. बिअर केगमधली, पण ओढायची हातपंपानं! कॅमरा ही ग्राहकांची संघटना १९७१ पासून रिअल एलसाठी लढते आहे. तिनं ही दिशाभूल असल्याचं म्हणत विरोध केला. बरोबरच केलं. बिअर जास्त दिवस टिकावी म्हणून केगमध्ये भरा, कोणाची ना नाही. पण मग नळानं द्या ना! चुलीचा धूर दाखवून गॅसवरची भाकरी का विकायची?

मग जायचं कुठे? शेफिल्डला जा. या शहरातल्या स्टोन्स आणि वॉर्ड्स या मोठ्या जुन्या ब्रुअऱ्या १९९९ मध्ये बंद पडल्या. तरीही आज रिअल एलसाठी लोक इथेच येतात, कारण निवड स्वतःच्या हातात ठेवणारी माणसं इथे होती. डेव्ह विकेट हा अर्थशास्त्राचा प्राध्यापक. त्यानं १९८१ मध्ये केलम आयलंड या कारखान्यांच्या भागात फॅट कॅट सुरू केला आणि छोट्या स्वतंत्र ब्रुअऱ्यांची बिअर ठेवली. १९९० मध्ये पबच्याच आवारात केलम आयलंड ब्रुअरी काढली. तिची पेल रायडर २००४ मध्ये ब्रिटनची सर्वोत्तम बिअर ठरली. २०२२ मध्ये ती ब्रुअरी बंद होणार असं जाहीर झालं, तेव्हा जवळच्या बेकवेलच्या थॉर्नब्रिजनं तिचं नाव आणि बिअर वाचवली. त्या थॉर्नब्रिजच्या उभारणीतही विकेटचा हात होता. एका माणसानं निवडीचं स्वातंत्र्य वापरलं तर काय होतं, ते बघा.

स्टेशनवर उतरल्या उतरल्या शेफिल्ड टॅप आहे, १९०४ च्या जुन्या उपाहारगृहात. तिथून चालत केलम आयलंडला जा. फॅट कॅट आणि जवळचाच केलम आयलंड टॅव्हर्न, जो २००८ आणि २००९ असा लागोपाठ दोनदा कॅमराचा देशातला सर्वोत्तम पब ठरला. थोडं पुढे नीपसेंडला गार्डनर्स रेस्ट, तो स्थानिक लोकांनी एकत्र येऊन विकत घेतलेला.

दुसऱ्या शहरात जाणार असाल तरी रीत हीच. कॅमराची गुड बिअर गाइड बघा, त्यातले पब स्थानिक सभासद स्वतः पिऊन निवडतात. पबात विचारा, "हा फ्री हाउस आहे का? इथली जवळची बिअर कुठली?" अर्धा पाइंट मागायला लाजू नका, चार ठिकाणी जायचं तर तेच शहाणपण. बिअर व्हिनेगरसारखी लागली तर नम्रपणे परत द्या. चांगला पबवाला वाद न घालता बदलून देतो. आणि गाडी नेऊ नका, ट्रेननं जा.

आता कोणीतरी म्हणेलच, "दारूचा प्रचार कशाला?" बाबांनो, ज्यांना प्यायची नाही त्यांनी लिंबू-सोडा घ्यावा, तोही तिथे मिळतो. मुद्दा दारूचा नाहीच. गल्लीतली म्हातारी माणसं संध्याकाळी जिथे चार शब्द बोलतात ती जागा राहणार की तिथे फ्लॅट होणार, हा आहे. दुसरा म्हणेल, "आम्ही पाहुणे, आम्हाला काय त्याचं?" अहो, कर इथे भरता, मुलं इथे शिकतात, पाहुणे कसले? आणि पाहुणे असलात तरी वरचं गणित विसरू नका. रोज २४ पाइंट. त्यातले दोन तुमचे असतील, तर पिंप वेळेत संपतं आणि पबवाला पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच छोट्या ब्रुअरीला फोन करतो.