नवऱ्याचा ओटीपी आणि एकवीस हजारांचा दाखला

थोडं मोठं लिहितेय, पण वाचा.

नऊ वर्षांपूर्वी माझा नवरा घर सोडून गेला. घटस्फोट झालेला नाही. मला कोर्टाची पायरी चढायला पैसे नव्हते आणि त्याला गरज नव्हती, त्यानं तसाच दुसरा संसार थाटला. मेला असता तर दाखला तरी मिळाला असता. वाईट वाटेल वाचायला, पण सेतूच्या रांगेत तीन तास उभं राहिलं की असलेच विचार डोक्यात येतात.

लाडकी बहीणचे दीड हजार मला मिळत होते. त्या योजनेच्या नियमांत ‘परित्यक्ता’ हा शब्द स्वच्छ लिहिलेला आहे. मग सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली. आधी माझं आधार, नंतर नवऱ्याचं किंवा वडिलांचं, आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी. माझे वडील वारले. ओरड झाल्यावर दुरुस्ती झाली की विधवेनं मृत्यूचा दाखला आणि घटस्फोटितेनं कोर्टाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यावा. चांगलं झालं. पण टाकून दिलेल्या बाईनं काय द्यावं? नवरा जवळ नाही हीच तिची अडचण, आणि सरकार म्हणतं त्यालाच घेऊन या!

शेवटी लाज सोडून दिराला फोन केला. दोन दिवसांनी निरोप आला, "पहिला हप्ता इकडे पाठव, मग ओटीपी देतो." मी फोन ठेवला. पैसे थांबले.

कुणीतरी म्हणालं, संजय गांधी निराधारमध्ये अर्ज कर, तिथंही दीड हजार आहेत. गेले. तिथं कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे २१,०००. हो, वर्षाला. महिन्याला १,७५०, दिवसाला साधारण ५८ रुपये. आणि लाडकी बहीणची मर्यादा किती? अडीच लाख, म्हणजे महिन्याला जवळजवळ २०,८००. एका योजनेत बाईनं महिन्यात जेवढं कमावलेलं चालतं, दुसऱ्या योजनेत तेवढं तिनं अख्ख्या वर्षात कमवायचं. आणि ही दुसरी योजना कुणासाठी? जिला कुणीच नाही तिच्यासाठी.

रोजगार हमीचा दर २०२५-२६ साली ३१२ रुपये होता. अडुसष्ट दिवस खडी फोडली की २१,२१६ होतात. झाली बाई अपात्र.

मी खानावळीत पोळ्या लाटते, महिन्याला साडेसात हजार. काउंटरवरचा माणूस खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, एकवीसचा दाखला काढून आणा, सगळे तेच करतात." खरंच करतात. न करून सांगतात कुणाला! खोटं बोलायला लावणारी अट सरकारनंच घातलीय, सही सरकारी माणसाचीच, आणि उद्या पडताळणीत सापडलं तर चोर कोण, तर पोळ्या लाटणारी.

ओळखीचे एक गृहस्थ (पेन्शन घेतात, घेऊ देत) परवा म्हणाले, फुकटच्या पैशांनी बायका आळशी झाल्यात. काका, माझी पहिली पोळी पहाटे पाचला तव्यावर पडते. या एकदा.

आणि एक. क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एकट्या पालकाच्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. हे मला कळलं मुलगी सातवीत गेल्यावर, तेही शाळेतल्या मॅडमकडून. निवडणुकीत दीड हजाराचा बोर्ड चौकाचौकात होता. या योजनेचा बोर्ड मी अजून एकदाही पाहिलेला नाही. तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल तर तिला सांगा, अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात करायचा.

माझं मागणं दोन ओळींचं आहे. ती एकवीस हजारांची मर्यादा निदान लाडक्या बहिणीइतकी करा. आणि बाई एकटी राहते हे अंगणवाडी सेविकेला, शेजाऱ्यांना, अख्ख्या गल्लीला माहीत असतं, तर त्यांच्या पंचनाम्यावर दाखला द्या, नवऱ्याच्या ओटीपीवर नको.

सोमवारी आमदारांच्या कार्यालयात हेच लेखी देणार आहे. आमच्या गल्लीतल्या आणखी चौघी येतायत. त्या दिवशी खानावळीचा खाडा पडेल, तो उत्पन्नातून वजा धरावा.