मातीचे कोरडे शौचालय बांधल्यास अनुदान मिळेल का?

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) अंतर्गत पात्र कुटुंबाला वैयक्तिक शौचालयासाठी १२,००० रुपये मिळतात. ही रक्कम फक्त फ्लशच्या शौचालयालाच मिळते, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. योजनेत दोन शोषखड्ड्यांबरोबर इकोसॅनसारखे, म्हणजे मैल्याचे खत करणारे पर्यायही आहेत.

लडाखचे उदाहरण पाहा. तेथे पाणी कमी आणि हिवाळ्यात नळ गोठतात. म्हणून मातीच्या विटांचे दुमजली शौचालय बांधतात. वापरानंतर वरून माती किंवा राख टाकतात. खालच्या खोलीत तयार झालेले खत शेतात जाते.

मात्र एक अट लक्षात ठेवा. मैला पूर्ण कुजण्याआधी हाताने काढावा लागत असेल, तर २०१३ च्या कायद्यानुसार ते शौचालय 'अस्वच्छ' ठरते. त्यामुळे दोन कप्पे ठेवा. एक भरला की बंद करा व दुसरा वापरा. थंडीत कुजायला जास्त वेळ लागतो, घाई करू नका.

रक्कम साधारणतः बांधकामाच्या पडताळणीनंतर मिळते. म्हणून खर्च करण्यापूर्वीच आपला आराखडा ग्रामपंचायतीत दाखवा आणि तो मान्य आहे का, हे विचारून घ्या.