मशीन दिलं, खुर्ची कोण देणार?

रमजानात जकातीतून गरजू बहिणींना शिलाई मशीन देणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. चांगलंच आहे. पण पुढे ती बहीण बिनपाठीच्या स्टुलावर वाकून, अंधुक दिव्याखाली काळ्या बुरख्यावर काळी शिलाई घालत बसते. मजुरी नगावर, म्हणून उठत नाही. पायडल मारून गुडघे आणि कंबर कामातून जातात. जुन्या पायमशीनलाच मोटर बसते. कोपर टेबलाच्या उंचीला येईल अशी पाठीची खुर्ची, सुईजवळ छोटा एलईडी दिवा, एवढ्यानेही काम हलकं होतं. २०२३च्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंप्यांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे; अर्ज घेणं सुरू असेल तर तो तरी भरून द्या. आणि यंदा नवं मशीन घेण्याआधी, मागे ज्यांना दिलं त्यांना मोटर हवी का, ते विचारा.