छत्तीस चित्रांची शिदोरी

सहलीला निघताना आई शिदोरी बांधून देते. तिच्यात किती भाकऱ्या आहेत हे ठाऊक असल्यामुळे आपण ती पहिल्याच वळणावर संपवून टाकीत नाही. पूर्वी छायाचित्रांचीही अशीच मोजकी शिदोरी प्रवासात बरोबर असे. फिल्मच्या एका गुंडाळीवर बहुधा ३६ चित्रे निघत. आज खिशातल्या मोबाइलमध्ये हजारो चित्रे मावतात. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु मुलांनो, सोय वाढली म्हणून आपले पाहणे वाढतेच असे नाही, असे माझे मत आहे. ते मत एका फसलेल्या सहलीने मला दिले.

१९८४ साली मी नुकताच शिक्षक झालो होतो. हिवाळ्यातील एका रविवारी वडिलांना घेऊन रायगडास जाण्याचे ठरले. शाळेतील एका सहकाऱ्याने मला आपला रेंजफाइंडर कॅमेरा दिला आणि म्हटले, “छत्तीसच आहेत हं, जपून!” असा कॅमेरा मी त्यापूर्वी कधी हाती धरला नव्हता.

या कॅमेऱ्याची रचना मोठी गमतीची असते. जर्मनीतील ऑस्कर बार्नाक या कारागिराने सिनेमाची फिल्म वापरून, हातात सहज मावेल असा लहान कॅमेरा तयार केला. त्यातून पुढे आलेला ‘लायका’ कॅमेरा १९२५ साली लोकांसमोर आला. १९३२ साली त्याच्या भिंगाशी जोडलेला अंतरमापक त्यात बसविण्यात आला. या अंतरमापकाची युक्ती आपल्या दोन डोळ्यांसारखी आहे. बोट समोर धरून एकदा एका डोळ्याने व एकदा दुसऱ्या डोळ्याने पाहा. बोट जागचे सरकल्यासारखे वाटते. कॅमेऱ्यालाही एकमेकींपासून दूर अशा दोन खिडक्या असतात. त्यांतून आलेल्या दोन प्रतिमा एकाच जागी दिसतात. भिंगाभोवतीचे कडे फिरवीत त्या एकमेकींवर आणाव्या लागतात. त्या तंतोतंत जुळल्या, की अंतर बरोबर साधले असे समजावे. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा: पाहणारा खिडकीतून पाहतो, भिंगातून नव्हे.

त्या वेळी रायगडावर रज्जुमार्ग नव्हता. पायऱ्या चढता चढता वडील महादरवाजापाशी थकले व एका दगडावर टेकले. “मी येथेच बसतो, तू वर जाऊन ये,” असे ते म्हणाले. पहिले छायाचित्र त्यांचेच घ्यावे, असे मला वाटले. खिडकीला डोळा लावला, तो मला दोन वडील दिसू लागले. कडे फिरवीत मी त्यांना सावकाश एकत्र आणू लागलो. कपाळावरचा घाम, गुडघ्यावर काढून ठेवलेली टोपी, काठीवर ठेवलेला उजवा हात, मागचा काळा चिरा—सारे मी नीट न्याहाळले. दोन्ही प्रतिमा जुळल्या आणि मी कळ दाबली.

वर बाजारपेठेची व नगारखान्याची चित्रे घेऊन मी जगदीश्वराच्या देवळाकडे गेलो. तेथे ताक विकणारी एक बाई माझ्याकडे टक लावून पाहत होती. ती हसून म्हणाली, “दादा, तुमच्या यंत्राचा डोळा तर मिटलेलाच हाय की!” मी कॅमेरा वळवून पाहिला. भिंगावरचे झाकण काढलेच नव्हते! मला सारे लख्ख दिसत होते. फिल्मला मात्र काहीच दिसले नव्हते.

झाकण काढून उरलेली चित्रे घेत मी महादरवाजापाशी परतलो, तेव्हा सूर्य मावळला होता आणि भिंतींच्या आडोशाला अंधार दाटला होता. पाचाडहून शेवटची एस.टी. गाठायची होती. वडील म्हणाले, “राहू दे, उजेड गेला. पुढच्या वेळी काढू.” ती पुढची वेळ आली नाही. पुढील पावसाळ्यात ते गेले.

यावर कोणी म्हणेल, “मोबाइल असता, तर चूक तत्क्षणी कळली असती.” हे म्हणणे अगदी खरे आहे. ते छायाचित्र मला हवे होते आणि आजही हवे आहे. म्हणून जुने ते सारे चांगले, असे मी म्हणणार नाही. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. त्या दगडावर बसलेले वडील मला आजही जसेच्या तसे दिसतात. कारण कळ दाबण्यापूर्वी मला त्यांच्याकडे अर्धा मिनिट निरखून पाहावे लागले होते. नगारखान्याचे चित्र घेताना मी घाई केली. ते चित्रही गेले आणि त्या क्षणाची आठवणही उरली नाही.

तेव्हा गुण यंत्राचा नव्हे, पाहण्याचा आहे. चित्रे मोजकी असली, की कोणते घ्यावे व कोणते सोडावे, याचा विचार करणे भाग पडते. हा विचार मोबाइल हाती घेऊनही करता येतो. तो करण्याची सक्ती आता राहिलेली नाही, म्हणून तो आपण होऊन करावा.

पुढच्या सहलीत एक प्रयोग करून पाहा. आज आपण ३६ च चित्रे घेणार, असे मनाशी ठरवा. प्रत्येक चित्रापूर्वी समोरची वस्तू आधी नुसत्या डोळ्यांनी न्याहाळा. आणि पहिले चित्र आपल्याबरोबर आलेल्या माणसाचे घ्या. गड उद्याही तेथेच असेल. माणसाचे चित्र मात्र उजेड आहे तोवरच घ्यावे.