मोजदाद कोणी करायची?

साहित्याच्या प्रांतात वावरणाऱ्यांच्या मनात आकड्यांविषयी एक जुनी अढी असते. दुःख मोजता येत नाही, अपमानाला माप नसते, माणसाची व्यथा तक्त्यात बसवली की ती व्यथा उरत नाही, अशी वाक्ये आपण वर्गात शिकवतो आणि विद्यार्थी ती निमूटपणे वहीत उतरवून घेतात. अमेरिकेतील आशियाई समाजाने २०२० पासून आपल्यावरील वंशद्वेषाच्या घटनांची नोंद स्वतःच ठेवायला घेतली. तिच्याविषयी आपल्या मंडळींत बोलणे निघाले की हाच सूर लागतो. एक जण म्हणतो, हे समाजशास्त्राचे काम, साहित्याचे नव्हे. दुसरा विचारतो, लोकांनी आपल्या हाताने भरून दिलेल्या अर्जांना पुरावा कसे म्हणायचे? आणि तिसरा, जो बहुधा न्यू जर्सीत मुलाकडे सहा महिने राहून आलेला असतो, तो सांगतो की तो त्रास चिन्यांना झाला, आपल्याला नव्हे. हे तिन्ही आक्षेप आम्हांस अमान्य आहेत. का, ते येथे मांडायचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती. करोनाची साथ पसरू लागली आणि राष्ट्राध्यक्षच त्या विषाणूला 'चिनी' म्हणू लागले, त्या दिवसांत, १९ मार्च २०२० रोजी, 'स्टॉप एएपीआय हेट' हा उपक्रम सुरू झाला. आशियाई अमेरिकन आणि पॅसिफिक बेटांवरील लोक हा त्या आद्याक्षरांचा अर्थ. सिंथिया चोई, मंजूषा कुलकर्णी आणि रसेल जंग हे त्याचे संस्थापक. दोन सामाजिक संघटना आणि सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठाचा आशियाई अमेरिकन अभ्यास विभाग त्यामागे उभे होते. काय घडले, कोठे घडले, कोणते शब्द वापरले गेले, हे ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्याने स्वतःच्या भाषेत लिहून पाठवावे, एवढीच मागणी होती. फेब्रुवारी २०२१ अखेर ३,७९५ नोंदी जमल्या. मार्च २०२२ पर्यंत त्या साडेअकरा हजारांच्या घरात गेल्या. पहिल्या वर्षाच्या नोंदींत शिवीगाळ व शाब्दिक छळ ६८.१ टक्के होता, मुद्दाम टाळणे वा दूर सारणे २०.५ टक्के, आणि अंगावर हात टाकणे ११.१ टक्के.

याउलट, अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेच्या आकडेवारीत २०२० या वर्षातील आशियाईविरोधी द्वेषगुन्हे तीनशेच्याही आत भरतात. या दोन आकड्यांची वजाबाकी करण्यात अर्थ नाही, कारण दोन्ही ठिकाणी मोजली गेलेली वस्तू वेगळी आहे. सरकार गुन्हा मोजते. बसमध्ये शेजारची बाई नाकाला रुमाल लावून उठून जाते, दुकानदार पैसे हातात न घेता गल्ल्यावर ठेवायला सांगतो, रस्त्यातून कोणी 'आपल्या देशात चालते व्हा' असे ओरडतो, तेव्हा सहसा कायद्याचे कोणतेही कलम मोडलेले नसते. मोडले असले तरी ते पोलिसांना सांगावे लागते, पोलिसांनी त्यात द्वेषाचा हेतू आहे असे ठरवावे लागते, आणि मग स्थानिक पोलीस खात्याला ती माहिती वर पाठवण्याची इच्छा असावी लागते. १९९० च्या द्वेषगुन्हे आकडेवारी कायद्याने स्थानिक खात्यांवर तशी सक्ती केलेली नाही. म्हणजे अधिकृत आकडाही अखेर कोणीतरी कोणाला तरी सांगितलेल्या हकिकतींचाच बनतो. फरक एवढाच की त्याच्यावर शिक्का असतो.

दुसऱ्या आक्षेपातील खरा भाग मात्र आम्ही मान्य करतो. आपण होऊन आलेल्या नोंदींवरून शंभरांतील कितीजणांना त्रास झाला हे काढता येत नाही. उपक्रमाचे नाव जसजसे लोकांपर्यंत पोहोचते, तसतशा नोंदी वाढणारच. त्या वाढीला द्वेषाची वाढ म्हणणारा वार्ताहर चुकतो. पण एवढ्यावरून त्या नोंदी टाकाऊ ठरवणारा साहित्याचा प्राध्यापक अधिक चुकतो. आत्मकथन कसे वाचावे, साक्ष कशी तोलावी, एकाच अनुभवाची पुनरावृत्ती शेकडो तोंडून ऐकू आली की तिचा अर्थ काय लावावा, हेच तर आपले शास्त्र. दलित आत्मकथने आली तेव्हा 'हे एकट्याचे अनुभव आहेत, प्रातिनिधिक कशावरून?' असे विचारणाऱ्यांना आपण जे उत्तर दिले, ते येथे आल्यावर विसरावे हे आम्हांस समजत नाही.

आता पहिला आक्षेप. मोजणी साहित्याला परकी आहे असे म्हणणाऱ्यांनी आयडा बी. वेल्स हिचे 'द रेड रेकॉर्ड' वाचावे. गुलामीत जन्मलेल्या या कृष्णवर्णीय पत्रकार स्त्रीने १८९५ साली झुंडबळींची तक्तेवार यादी छापली, आणि प्रतिपक्षाला नाकारता येऊ नये म्हणून माहिती गोऱ्यांच्याच वृत्तपत्रांतून घेतली. नाव, गाव, तारीख, लावलेला आरोप: त्या कोरड्या ओळींत जी धग आहे ती अनेक करुण कथांत नाही.

शिवाय आशियाईंची मोजणी अमेरिकेत कधीच थांबलेली नव्हती. ती दुसरे करीत होते. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना प्रवेशबंदी केली आणि १८९२ च्या गिअरी कायद्याने तेथे राहणाऱ्या चिनी मजुरांवर रहिवासाचा दाखला जवळ बाळगण्याची सक्ती केली. १९४२ मध्ये सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडले गेले, तेव्हा ते कोणत्या वस्तीत किती आहेत हे शोधायला जनगणनेचे तक्ते उपयोगी पडले. उलट, १९८२ मध्ये डेट्रॉइटजवळ व्हिन्सेंट चिन या तरुणाला मोटारधंद्यातील मंदीचा राग काढण्यासाठी बॅटने ठार मारण्यात आले आणि मारेकऱ्यांना परिवीक्षा व तीन हजार डॉलर दंड एवढ्यावर सोडण्यात आले, तेव्हा असे बळी मोजणारा तक्ता सरकारदरबारी नव्हता. संशयित म्हणून मोजायचे आणि बळी म्हणून मोजायचे नाही, ही त्या हिशेबाची रीत. समाजाने वही आपल्या हातात घेतली ती या रीतीविरुद्ध.

तिसरा आक्षेप सर्वांत दुखरा, कारण तो आपल्या घरातला आहे. त्रास चिन्यांना झाला, आपल्याला नव्हे! १९८७ साली जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' नावाची टोळी उभी राहिली. ते नाव आले कुठून? आपल्या आयाबहिणींच्या कपाळावरच्या कुंकवावरून. त्यांनी स्थानिक वृत्तपत्राला पत्र धाडून बजावले की भारतीयांना गावातून हाकलण्यासाठी आम्ही कोणत्याही थराला जाऊ आणि टेलिफोनच्या पुस्तकात पटेल आडनाव शोधून घरे गाठू. द्वेष करणाऱ्यांनीही यादी केली होती, हे लक्षात घ्यावे. त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला इतके मारले गेले की तो त्यातून वाचला नाही. खुनाच्या आरोपात कोणीही दोषी ठरले नाही. मोदी पारशी होता, त्याच्या कपाळी कुंकू असण्याचे कारणच नव्हते. पुढे २०१२ मध्ये ओक क्रीकच्या गुरुद्वारात गोळीबार करून भाविकांना मारण्यात आले, आणि त्यानंतर समाजाने लावून धरले म्हणून २०१५ पासून शीख व हिंदू यांच्याविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी सरकारी तक्त्यात स्वतंत्र रकाना आला. रकानाही भांडून मिळवावा लागतो.

त्या न्यू जर्सीत मराठी घरे पुष्कळ होती. तरीही आपल्या अनिवासी लेखनात पुरणपोळीची आठवण जितकी विपुल, तितका तो काळ दुर्मिळ. आपण 'आदर्श अल्पसंख्य' आहोत, डॉक्टर-इंजिनिअर आहोत, तक्रार करणे आपल्याला शोभत नाही, ही समजूत त्या मौनाच्या मुळाशी आहे.

हे मौन अटलांटिकपलीकडेच आहे असे मात्र कोणी समजू नये. २०२० च्या मार्चमध्ये ईशान्य भारतातील नागरिकांना त्यांच्या चेहऱ्यावरून 'करोना' म्हणून हिणवले जाऊ लागले, तेव्हा केंद्रीय गृहमंत्रालयाला राज्यांना लेखी सूचना द्यावी लागली. त्यापूर्वी, २०१४ मध्ये निदो तानियाच्या मृत्यूनंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वंशवाचक अपमानासाठी कायद्यात स्वतंत्र कलम सुचवले होते. पुण्याच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मणिपुरी वा नागा मुलीला वाटेत काय ऐकावे लागते, याची वही आपल्यापैकी कोणी उघडली आहे काय? अमेरिकेतील वंशद्वेषावर निबंध लिहिणाऱ्या विभागाच्या दारातूनच ती रोज जाते.

नोंद ठेवून काय होते, असे विचारले जाईल. कॅलिफोर्नियात या नोंदींच्या आधारावर सार्वजनिक वाहतुकीतील छळाविषयी प्रवाशांकडून माहिती गोळा करण्याचे कायदे २०२२ व २०२३ मध्ये झाले. बसमधला तो रुमाल अखेर विधिमंडळापर्यंत पोहोचला. त्याने द्वेष संपला नाही. पण 'असे काही घडतच नाही' हे म्हणणे तेथे आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

म्हणून आमचे म्हणणे दोन गोष्टींपुरते आहे. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांनी आपल्या स्मरणिकांत दरवर्षी काही पाने अशा अनुभवांसाठी राखून ठेवावीत. नाव न देता, पण गाव आणि साल देऊन. आणि येथील साहित्य विभागांनी आपल्याच आवारातील ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांना विचारून, त्यांच्या संमतीने आणि त्यांच्याच शब्दांत, एक वही सुरू करावी. ती वही साहित्य आहे की नाही, याचा वाद मागाहून घालू. आधी तिच्यात पहिली नोंद तर पडू दे.