दुरुस्तीची घाई नको

यंत्र बिघडले की त्याला थापट मारायची, ही आपल्याकडची फार जुनी चाल आहे. रेडिओने थापटा खाल्ल्या, दूरदर्शन संचाने खाल्ल्या, आता संगणकाची पाळी आली आहे. फरक एवढाच की संगणकाला आपण हाताने न मारता आज्ञांनी मारतो. लिनक्सवर खेळ खेळताना पडदा काळा झाला, चित्र मधोमध चिरले किंवा भलत्याच रंगांचे चौकोन दिसू लागले, की फोनवर प्रश्न विचारायचा, मिळतील त्या दहा आज्ञा एकामागून एक चालवायच्या, आणि तरीही भागले नाही तर सगळी प्रणाली पुसून नव्याने बसवायची. विद्यार्थी मित्रांनो, या पद्धतीला माझा स्पष्ट विरोध आहे.

विरोध आज्ञांना नाही, क्रमाला आहे. समजा, दहा उपायांपैकी एक लागू पडला. कोणता? ते तुम्हाला सांगता येणार नाही. उरलेले नऊ बदल मात्र यंत्रात तसेच राहतात आणि पुढच्या आठवड्यात नवाच घोटाळा उभा करतात. त्यातून यांतल्या बहुतेक आज्ञांच्या आधी ‘सुडो’ हा शब्द असतो. त्याचा अर्थ, ही आज्ञा यंत्राच्या सर्वाधिकाराने पाळली जावी. घरात संगणक एकच असतो. त्यावर ताईचा प्रकल्प असतो, बाबांचे हिशेब असतात. एका खेळासाठी ते सारे पणाला लावायचे काय?

मग करायचे काय? आधी चित्राचा प्रवास समजून घ्या. खेळाचा प्रोग्रॅम ‘येथे झाड काढ, येथे गाडी काढ’ अशा सूचना देतो. खेळ विंडोजसाठी लिहिलेला असेल तर २०१८ साली व्हॉल्व्ह कंपनीने आणलेल्या प्रोटॉनसारखा दुभाषा त्या सूचना लिनक्सला समजतील अशा भाषेत आणतो. तेथून त्या ड्रायव्हरकडे जातात. ड्रायव्हरचा एक भाग वर असतो, दुसरा कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात. मग ग्राफिक्स कार्ड चित्र रंगवून आपल्या स्मृतीत ठेवते, आणि तेथून ते केबलीतून पडद्यावर येते. नेहमीच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० चित्रबिंदू असतात आणि ते सेकंदाला ६० वेळा नव्याने भरावे लागतात. गुणाकार करून पाहा: सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी बिंदू! एवढ्या लांबच्या वाटेवर बिघाड नेमका कोठे झाला, हे पडद्याकडे टक लावून कळणार नाही.

येथे एक युक्ती फार उपयोगी पडते. वाटेच्या मध्यावर चौकी बसवायची. पडद्यावर विचित्र ठिपके दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्या आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर किंवा फोनवर उघडून बघा. प्रतीतही ठिपके असतील, तर चित्र केबलीत शिरण्यापूर्वीच बिघडले आहे; खेळ, दुभाषा, ड्रायव्हर किंवा कार्ड यांत दोष शोधा. प्रत स्वच्छ असेल, तर संशयाची सुई पुढच्या वाटेकडे वळते. मग पडद्याचा वेग किंवा बिंदूंची संख्या कमी करून पाहा. तेवढ्याने पांढरे चमचमणारे ठिपके नाहीसे झाले, तर केबल एवढा भार पेलत नाही असे समजा आणि दुसरी केबल लावून खात्री करा. एका चाचणीत निम्मे संशयित सुटले. खर्च शून्य, आणि यंत्रात बदलही काही झाला नाही.

या युक्तीला एक अपवाद आहे. वेगाने वळताना चित्र आडवे चिरल्यासारखे दिसते, वरचा भाग एकीकडे आणि खालचा दुसरीकडे. त्याचा स्क्रीनशॉट सहसा स्वच्छच येतो, पण दोष केबलीचा नसतो. पडदा वरून खाली भरला जातो आणि त्याला १६.७ मिलिसेकंद लागतात. तो निम्मा भरला असतानाच कार्डाने नवे चित्र पुढे केले, तर वर जुने आणि खाली नवे असे दिसणारच. दोन्ही चित्रे आपापल्या परीने पूर्ण आहेत, चुकली आहे ती वेळ. व्ही-सिंक नावाची सोय चालू केली की कार्ड पडदा पूर्ण भरेपर्यंत थांबते.

पडदा पार काळा झाला तर लगेच वीज बंद करू नका. कॅप्सलॉकचे बटण दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर संगणक बहुधा जिवंत आहे, फक्त त्याचे चित्र हरवले आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ ही बटणे एकत्र दाबली की बऱ्याचदा साध्या अक्षरांचा पडदा मिळतो आणि तेथून नोंदी वाचता येतात.

या नोंदी म्हणजे लिनक्सने विद्यार्थ्यांसाठी उघडे ठेवलेले पुस्तकच आहे असे मी मानतो. जर्नलसीटीएल या आज्ञेने कर्नलने काय पाहिले ते ओळीओळीने दिसते. एनव्हिडियाच्या कार्डांबाबत तेथे ‘एक्सआयडी’ म्हणून क्रमांक येतात आणि त्यांच्या अर्थाचा तक्ता कंपनीनेच प्रसिद्ध केला आहे. ७९ क्रमांकाचा अर्थ मोठा गमतीचा आहे: कार्ड बसवरून पडले! ही बस एस. टी.ची नव्हे, कार्ड आणि संगणक यांना जोडणाऱ्या विद्युतमार्गाला बस म्हणतात. कार्ड एकाएकी दिसेनासे झाले, एवढाच त्याचा अर्थ. वीजपुरवठा अपुरा असणे, कार्ड खोबणीत नीट न बसणे, ते फार तापणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. ही ओळ न वाचता जो प्रणाली पुसून पुन्हा बसवतो, त्याची दुपार फुकट जाते. सैल बसलेले कार्ड सैलच राहते.

कधी पडदा ठीक असतो, पण खेळ गोगलगायीसारखा चालतो. तेव्हा प्रणालीच्या माहितीत ग्राफिक्सपुढे कोणते नाव लिहिले आहे ते बघा. तेथे ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसले, तर कार्ड स्वस्थ बसले आहे आणि सारी चित्रे मुख्य प्रोसेसर रंगवतो आहे. कर्नल नवा आला आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर त्याच्याशी जुळवून घेतला गेला नाही, तर असे होऊ शकते. संगणक चालू होताना जुना कर्नल निवडता येतो. जुन्यावर खेळ नीट चालला तर प्रश्न जवळजवळ सुटला. अर्थात, मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला लावलेली नाही ना, हेही पाहावे. हसू नका, हे पुष्कळदा घडते.

पूर्वी घराच्या छपरावर दूरदर्शनचा अँटेना फिरवला जाई, ते दृश्य तुमच्या आजोबांना विचारा. एकजण वर, एक खिडकीत, एक संचासमोर. ‘आले का?’ ‘नाही!’ ‘आता?’ ‘थोडे आले!’ लोक त्याला हसत, पण माझ्या मते तो थापटेपेक्षा कितीतरी शास्त्रीय प्रकार होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, परिणाम पाहायचा, बिघडले तर मागे यायचे. नोव्हो हा ड्रायव्हर लिहिणाऱ्या स्वयंसेवकांनीही वेगळे काय केले? एनव्हिडियाच्या कार्डांची माहिती त्यांना कोणी दिली नव्हती. कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर कार्डाला काय सांगतो आणि कार्ड काय करते, हे निरखून त्यांनी नियम ताडले. एएमडीने २००७ पासून आपल्या कार्डांची तांत्रिक माहिती खुली करण्यास आरंभ केला. एनव्हिडियाने कर्नलमधला भाग २०२२ मध्ये खुला केला, वरचा भाग मात्र अजून बंदच आहे.

खुलेपणाचा तुम्हाला फायदा काय? समजा, जुन्या कर्नलवर खेळ चालतो आणि नव्यावर नाही. दोन आवृत्त्यांमध्ये दहा हजारांवर बदल असतात. लिनस टॉरव्हाल्ड्सने २००५ साली तयार केलेल्या गिट या साधनात अशा वेळी कामाची एक सोय आहे. मधला बदल घेऊन तपासायचे. तेथे खेळ बिघडला तर दोष आधीच्या निम्म्यात, नाहीतर नंतरच्या. १६,३८४ बदल असले तरी चौदा चाचण्यांत गुन्हेगार सापडतो. दोनाचा चौदावा घात काढून पाहा! दरवेळी कर्नल नव्याने बांधावा लागतो, म्हणून घरच्या संगणकावर हे काम दमवणारे आहे. पण असा एक बदल बोट ठेवून दाखवणाऱ्याचे पत्र ड्रायव्हर लिहिणारे आवडीने वाचतात. मग तो अभियंता असो की नववीतला विद्यार्थी.

काहीजण म्हणतील, मुलाला खेळायचे आहे, संशोधन करायचे नाही. हे खरे आहे. एकदा संगणक बंद करून चालू केल्याने भागत असेल तर अवश्य करावे. काही खेळ तर त्यांच्या निर्मात्यांनी लबाडी रोखणारे प्रोग्रॅम लिनक्सवर चालू न दिल्यामुळे मुळातच चालत नाहीत. तेथे तपास करणे व्यर्थ. पण तोच दोष तिसऱ्यांदा आला, तर खेळ तासभर बाजूला ठेवण्यात तोटा नाही.

शिक्षकांनाही एक विनंती. संगणक कक्षात खेळांना सरसकट बंदी असते, त्यामागची अडचण समजते. परंतु चित्र रंगवण्याच्या सबंध यंत्रणेला खेळाएवढा ताण दुसरे फारसे काही देत नाही. सुपरटक्सकार्ट हा मोटारशर्यतीचा खेळ फुकट आणि खुला आहे. महिन्यातून एक तास तो चालू द्यावा आणि प्रत्येक यंत्राशेजारी एक वही ठेवावी. तीत तारीख, कर्नलचा क्रमांक, कार्डाचे नाव, काय दिसले, स्क्रीनशॉटमध्ये ते आले की नाही, कोणती एकच गोष्ट बदलली आणि पुढे काय झाले, हे मुलांनी आपल्या हाताने लिहावे. यंत्र उघडून कार्ड हलवायची वेळ आली, तर वीजजोड काढून, शिक्षकांच्या देखरेखीखाली. तीही नोंद वहीत व्हावी.